पिन-अप शी-हल्क काढतेय, पण चित्रात खट्याळपणा येत नाही

रंगपेटी फोंडा

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. दिवसा लग्नपत्रिका आणि हॉटेलांची मेनूकार्डं डिझाइन करते, रात्री भांडी आवरली की सुपरहिरोइनी काढते. सध्या पिन-अपचं भूत मानगुटीवर बसलंय. १९४०च्या दशकात अमेरिकन कॅलेंडरांवर गालात हसणाऱ्या, झगा उडालेल्या बाया असायच्या ना, त्या ढंगात वंडर वुमन, कॅटवुमन, शी-हल्क. कल्पना काही माझी नव्हे. डीसी या अमेरिकन कॉमिक कंपनीनेच बॉम्बशेल्स नावाने असे पुतळे काढले, २०१५पासून कॉमिकसुद्धा आलं. मला त्या बाया गोव्यात आणायच्यात.

शी-हल्क, म्हणजे मार्व्हल कंपनीच्या कॉमिकांतली ती हिरवी धिप्पाड बाई, काढून झाली. स्टुलावर बसलीय, पायावर पाय, एक हात केसांत, बघणाऱ्याला डोळा मारतेय. रंग गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. अ‍ॅनाटॉमी बरी जमलीय असं मला वाटतं, रंगही छान बसलेत, पण चित्रात जीव नाही. धाकटी बहीण म्हणाली, "साडीच्या दुकानातला पुतळा हिरवा रंगवलास होय?" आई म्हणाली, पाय झाक तिचे. आईचं सोडा, बहिणीचं बोलणं लागलं.

तर खट्याळपणा येतो कुठून? चेहऱ्यातून, पोझमधून की कपड्यांतून? कपडे कमी करून पाहिले, वाढवून पाहिले, ढिम्म फरक नाही. आणखी एक: पाऊस सुरू झाल्यापासून कागदावर रंग फुटतोय, मधेच गडद ठिपके उठतायत. चित्र खाली डकवलंय. झोडपा.

शेवटचं पान

झोडपतो. कंबरेत पिळवटलीय बाई. बसलेल्या माणसाची छाती आणि पार्श्वभाग एकाच वेळी बघणाऱ्याकडे वळत नाहीत, मणका मोडावा लागतो. अमेरिकन कॉमिकांत हा रोग जुनाच आहे. २०१२मध्ये चाहत्यांनी 'हॉकआय इनिशिएटिव्ह' म्हणून एक टवाळी सुरू केली होती: मुखपृष्ठावर नायिकेला दिलेली पोझ जशीच्या तशी हॉकआय या धनुर्धारी बाप्याला द्यायची. पुरुष त्या पोझमध्ये आला की लगेच कळायचं, हाडं कुठे मोडलीत. २०१४मध्ये मिलो मानारा या इटालियन चित्रकाराने स्पायडर-वुमनच्या पहिल्या अंकासाठी केलेल्या पर्यायी मुखपृष्ठावर तर जगभर वाद झाला. ती गच्चीच्या कडेवर अशी काही रांगतेय की सुपरहिरो वगैरे सगळं विसरायला होतं. मानारा कच्चा चित्रकार नव्हे, हात सोन्याचा आहे. प्रश्न हाताचा नव्हताच.

तुमची पोझ भावाला देऊन बघा. भाऊ नसेल तर शेजाऱ्याला. आणि जमलं तर जॉन बर्नने १९८९मध्ये सुरू केलेली शी-हल्कची मालिका मिळवा. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर ती वाचकालाच दम देते, की या वेळी माझा अंक घेतला नाहीस तर घरी येऊन तुझे सगळे एक्स-मेनचे अंक फाडीन. स्वभाव आहे तो बाईचा! तुमच्या स्टुलावरची फक्त रंगाने शी-हल्क आहे.

जुना बोर्डवाला

बाय, तुझ्या बहिणीला चित्रातलं कळतं. तिच्याशी भांडू नकोस.

मी म्हापशाचा. हयातभर बोर्ड रंगवले. सिनेमाचे, बारचे, सोड्याचे, निवडणुकीचे, सगळ्या पक्षांचे. व्हिनाइलची छपाई आली आणि ब्रश माळ्यावर गेले. तुमच्या या सुपरहिरोइनी मला नातवाच्या पुस्तकांतून ठाऊक, पण बाईचं चित्र भिंतीवर लावल्यावर लोक का थांबतात, एवढं मी नक्की सांगू शकतो.

चेहरा, पोझ, कपडे, तिन्ही चूक. खट्याळपणा प्रसंगात असतो. तुझी शी-हल्क स्टुलावर बसून काय करतेय? काही नाही. बघून घ्या, म्हणतेय. जिला काही उद्योग नाही तिच्याकडे माणूस दोन सेकंद बघतो आणि पान उलटतो.

गिल एल्व्हग्रेन (१९१४–१९८०) या अमेरिकन पिन-अपवाल्याची चित्रं शोधून बघ. ब्राउन अँड बिगेलो या कॅलेंडर कंपनीसाठी वर्षानुवर्षं त्याने हेच केलं. त्याच्या बाया सदैव कसल्या तरी लचांडात. कुत्र्याची साखळी पायांत गुंतलीय, झगा कुंपणाला अडकलाय, दोन्ही हातांत सामान आहे त्यामुळे सावरायला हात मोकळा नाही. तोंडाचा चंबू, भुवया वर. तो आधी मॉडेल उभी करून फोटो काढायचा, मग चित्रात पाय लांबवायचा, कंबर आवळायची, नाक जरा उचलायचं. थापा सगळ्या, पण वजन खरं. कुठल्या पायावर भार आहे ते त्याच्या चित्रात पोरालाही कळतं.

आता सुपरहिरोइनीची गोची अशी, की कुंपण तिचं काय वाकडं करणार? ती कुंपणच उपटून बाजूला ठेवील. म्हणून तिची ताकदच तिला नडू दे. जग वाचवणारी शक्ती फोंड्याच्या बस स्टँडवर उपयोगाची नाही, तिथे गंमत आहे. नातू सांगतो, शी-हल्क पेशाने वकील, उंची सहा फूट सात इंच, वजन साडेसहाशे पौंड, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास. झालं की मग! तिला पर्वरीच्या हायकोर्टात पोचायला उशीर झालाय आणि ती पायलटच्या, म्हणजे आपल्या गोव्यातल्या मोटरसायकल-टॅक्सीवाल्याच्या, मागे बसलीय. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल. मागचा टायर सपाट, पुढचं चाक हवेत, पायलटबाब हँडलला लोंबकळतोय. हिच्या एका काखेत फायली, दुसऱ्या हाताने काळा कोट सावरतेय, बाही दंडावर उसवलीय, आणि चेहरा असा की माझं काय चुकलं? पाय झाकायचे की नाही हा तुझ्या आईचा प्रश्न मग कुणाला पडत नाही. पाय दिसतातच, कारण ती बसलीच तशी आहे.

वंडर वुमनचं ते अदृश्य विमान घे. मिरामारला वाळूत उभं करून ठेवलंय. दिसत नाही, पण कावळ्यांना काय त्याचं, सगळं शिटून ठेवलंय आणि तेवढ्यावरून पंखाचा आकार कळतो. ती बादली-फडकं घेऊन हवेत गुडघे टेकून पुसतेय. पिन-अपच्या जुन्या चित्रांत गाडी धुणारी बाई असते, तीच ही.

आता जरा आडवळण. ही विद्या आपल्याकडे नव्हती असं समजू नकोस. दीनानाथ दलाल मडगावचे, रघुवीर मुळगावकर आमच्या बार्देशातल्या अस्नोड्याचे. दोघं मुंबईत गेले आणि मराठी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं अक्षरशः वाटून घेतली. दलालांनी तर १९४५पासून स्वतःचा 'दीपावली' काढला. आमच्या लहानपणी घरात अंक आला की वडीलमंडळी आधी लेख वाचल्याचं सोंग करायची. मुळगावकरांची बाई स्प्रेच्या कामामुळे लोण्यासारखी मऊ, दलालांची रेषेने चालणारी. तुला पिन-अप करायचंय तर मी म्हणेन दलालांची रेष बघ. साडीचा काठ खांद्यावरून कसा खाली उतरतो, तिथे अंगाचं वळण कळतं आणि उघडं काहीच नसतं. आणि लोटलीचा व्यंगचित्रकार मारियो मिरांडा आहेच. मिस निंबुपानी, मिस फोन्सेका या त्याच्याच बाया. मारियोच्या चित्रात बाईइतकीच मजा भोवतालच्या लोकांत असते. तुझ्या पायलटच्या मागे पाववाला पदेर सायकल थांबवून बघतोय, कुत्रा बघतोय, खिडकीतली म्हातारी बघतेय, हे काढ. बघ्यांच्या तोंडावर हसू असलं की चित्र आपोआप पोरकट-गोड होतं, नाहीतर ओशट होतं. बघ्यांत एकही लाळघोट्या घालू नकोस. एक जरी घातलास तर बघणारा त्याच्या जागी जाऊन उभा राहतो आणि सगळं बिघडतं.

रंगाचं. हिरव्या कातडीची सावली तू गडद हिरव्याने केलीस, म्हणून प्लास्टिक दिसतेय. पिवळ्या गेरूत थोडा सॅप ग्रीन घालून अंगाचा रंग कर, सावलीला बर्न्ट सिएना आणि किंचित अल्ट्रामरीन. कोपर, गुडघे, बोटांची पेरं, गाल, नाकाचा शेंडा इथे जरा तांबूस झाक दे. जिथे रक्त कातडीजवळ असतं तिथे ऊब पाहिजे, मग बाई हिरवी असो की निळी.

कागदाचं उद्या लिहितो, आता डोळे दुखायला लागले.

तिसरी घंटा

काकांचं सगळं पटलं तरी मला एक विचारायचंय. पायलटची चाकं उचलली, कावळे आणले, म्हणून पिन-अप हे पिन-अप राहत नाही का? शेवटी बाई कुणाच्या तरी डोळ्यांसाठीच ना? वंडर वुमन १९४१ची, तेव्हापासून तिच्या चड्डीची लांबी बहुतेकदा पुरुषच ठरवत आले. आता आपणच हौसेने तेच करायचं?

रंगपेटी फोंडा

तिसरी घंटा, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाय, आणि माझं उत्तर फार थोर नाही. मला काढायला आवडतं. गोलाई काढताना ब्रशला जे सुख मिळतं ते चौकोनी मेनूकार्डात नाही. पण बहीण आणि मी दोघी ज्या चित्राला हसतो ते, आणि ज्याच्यावर फक्त माझ्या चुलतभावाचे मित्र कमेंट टाकतात ते, यांतला फरक मला कळतो. पहिलं हवंय. पायलटवाल्या शी-हल्कच्या पेन्सिल स्केचला बहीण खो खो हसली. आई म्हणाली, त्या बिचाऱ्या पायलटला हेल्मेट घाल.

एक पथ्य मात्र पहिल्यापासून पाळते: वयाने मोठ्या नायिकाच. नवी मिस मार्व्हल, कमला खान, तिच्या २०१४च्या मालिकेत सोळा वर्षांची आहे. ती मला फार आवडते, पण ती या वहीत येणार नाही. सुपरगर्लही बऱ्याच गोष्टींत शाळकरी असते, तिलाही बाहेर ठेवलंय.

काका, तुमच्या चालीवर मला सुचलेली: स्टॉर्म. हवामान हिच्या मुठीत. मे महिना संपतोय, अंगणात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची तयारी, सुकी सुंगटं (कोळंबी), मिरच्या, सोलं चटयांवर पसरलीत. ती आरामखुर्चीत पाय पसरून मासिक वाचतेय आणि डाव्या हाताच्या एका बोटावर अख्खा काळा ढग अडवून धरलाय. शेजारणी आपापल्या चटया घेऊन रांगेत.

तिसरी घंटा

ही मी भिंतीवर लावीन. प्रश्न मागे घेत नाही, पण लावीन.

शेवटचं पान

स्टॉर्म १९७५ची, तेव्हापासून तिच्याकडून कुणी इतकं उपयोगाचं काम करून घेतलं नसेल. फक्त ती बोट धरून कंटाळलीय हे दिसू द्या. मनगट जरा ढिलं.

फक्त वाचक

विकायचा विचार आहे का? असेल तर दोन शब्द. मी वकील नाही, पण छपाईच्या धंद्यात आहे. ही पात्रं डीसी आणि मार्व्हलची मालमत्ता. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२मध्ये खाजगी वापर, टीका, समीक्षा यांना सवलत आहे. कॅलेंडर छापून विकणं त्यात बसवणं कठीण. जत्रांतून चाहते चित्रं विकतात आणि कंपन्या बहुतेकदा कानाडोळा करतात, पण कानाडोळा म्हणजे हक्क नव्हे. अश्लीलतेचं म्हणाल तर २०१४च्या अवीक सरकार खटल्यात सुप्रीम कोर्टाने जुनी हिकलिन कसोटी (कच्च्या मनाचा माणूस बिघडेल का, एवढंच बघणारी) सोडून समाजाच्या आजच्या नजरेची कसोटी धरली, आणि चित्र तुकड्याने न बघता पूर्ण संदर्भात बघायला सांगितलं. तुमची पायलटवाली त्या हिशेबात कुठेच अडू नये. माझा सल्ला, भिंतीसाठी शी-हल्क, विक्रीसाठी तुमची स्वतःची नायिका.

जुना बोर्डवाला

स्वतःची नायिका हे चांगलं. पण आधी ही पुरी कर, अर्धवट सोडून दुसरीकडे पळू नकोस.

कागद. ते ठिपके रंगाचे नव्हेत, कागदाची खळ मेलीय. चांगल्या कागदाला खळ दिलेली असते म्हणून रंग वर राहतो. आपल्या पावसात ओल आणि बुरशी ती खळ खाते, मग तिथे रंग टिपकागदासारखा आत ओढला जातो. मेलेला कागद जिवंत होत नाही. तो पेन्सिलच्या कच्च्या कामाला वापर. गॉश जाडसर लावलास तर थोडं निभावतं, पातळ वॉशला नाही. पुढच्या वर्षी मे संपायच्या आत कागद प्लास्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद कर, आणि कपड्यांच्या कपाटात बल्ब लावता ना, त्याच कपाटात वरच्या फळीवर ठेव. ट्यूब नव्हे, जुना पिवळा बल्ब, ऊब देणारा. पावसात मोठा गठ्ठा विकत आणू नकोस, दुकानातच मेलेला असतो. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघ. थेंब उभा राहिला तर घे, पसरला तर परत दे.

स्केच पाहिलं. शी-हल्कची डावी चप्पल पायातून निसटतेय ते झकास. पण पायलटचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत. पुढचं चाक एवढं वर गेल्यावर त्याचे पाय टेकतील कसे? हवेत घे ते.

रंगपेटी फोंडा

घेतले. एक बूटही खाली पाडलाय, कुत्रा तो हुंगतोय.