पहिलीतल्या पोरांच्या डब्याला लाल-हिरवे ठिपके: बरोबर की अती?

गंगापूररोडची_आई
मुलगी पहिलीत आहे. तिच्या शाळेत या सत्रापासून वर्गात 'पोषण तक्ता' लावलाय. मधल्या सुट्टीत बाई डबे बघतात आणि नावापुढे ठिपका देतात. पोळी-भाजी, उसळ, फळ असलं की हिरवा; बिस्कीट, वेफर्स, नूडल्स, जॅम-पोळी असली की लाल. महिनाअखेरीस ज्याचे हिरवे जास्त, त्याच्यासाठी टाळ्या. संकष्टीला घरात साबुदाण्याची खिचडी होती, तीच डब्यात दिली. लाल! दाण्याचं कूट किती घातलंय ते कोण बघतं? आता रोज सकाळी ओट्याशी उभी राहून विचारते, "आई, हे हिरवं आहे ना?" तूप लावलेल्या पोळीलाही विचारते.

आहार शिकवायला माझी ना नाही. पण सहा वर्षांचं पोर डबा भरत नाही, आपण भरतो. मग शेरा त्याच्या नावापुढे कशाला? जेवायला बसताना पोटात गोळा येणार असेल तर ते कसलं शिक्षण? बाकी पालकांचं काय म्हणणं? ('आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे सोडून.)

सिडकोतल्या_बाई
मी शिक्षिका आहे, दुसऱ्या शाळेत. ताई, एकदा मधल्या सुट्टीत वर्गात येऊन बसा. क्रीमची बिस्किटं, सॉसच्या पुड्या, पाण्याच्या बाटलीत केशरी पावडरचं सरबत. एखाद्याने मुगाची उसळ आणली तर शेजारचा नाक दाबतो आणि तो डबा झाकून ठेवतो. पालकसभेत सांगितलं की सगळे माना डोलावतात, दुसऱ्या दिवशी डब्यात तेच. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं ते उगाच नाही. ४ ते १० वयाच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात आणि ते ५ टक्क्यांवर जायला नकोत, असं तेव्हा म्हटलं होतं. घरात शिकवलं जात असतं तर आम्हाला तक्ते लावायची हौस नव्हती.

तर्री_जास्त
रविवारी सकाळी पोरांना मिसळीला नेणाऱ्या बापांना कोणता ठिपका? मटकीचा हिरवा धरायचा की तर्रीचा लाल?

सातपूर_पहिली_पाळी
मी तक्त्याच्या बाजूने. कंपनीत पहिली पाळी, सहाला घर सोडते. डबा सासूबाई भरतात आणि नातवाने हट्ट केला की त्या विरघळतात. आमच्याही शाळेत असाच तक्ता आहे. लागल्यापासून तोच म्हणतो, "आजी, पाकीट नको, लाल मिळेल." माझी रोजची कटकट गेली. पोटात गोळा वगैरे काही आलेला नाही. खिचडीला लाल दिला ते मात्र पटलं नाही.

गंगापूररोडची_आई
@सातपूर, तो पाकीट सोडतोय ठिपक्यासाठी. मे महिन्याच्या सुट्टीत ठिपका नसेल तेव्हा? आम्ही बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे नाशकातल्या गोदाकाठच्या बाजारात हिला नेतो. एक भाजी तिने निवडायची, पिशवी तिच्या हातात. चाकवत आणला तेव्हा घरी आल्यावर तोंड फिरवलं. पण तिनेच निवडलेला, म्हणून पुढच्या खेपेला ताकातल्या भाजीत बोट बुडवून चाखलं. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, कधी त्याहून जास्त. यात लाल-हिरवं कुठे बसतं?

सिडकोतल्या_बाई
बुधवारी गंगेवर जायला सवड कोणाला असते ते पण सांगा. तुमचं पोर शिकेल हो. वर्गातल्या बाकीच्यांचं काय?

पेठ_तालुका_गुरुजी
तुमचे तक्ते वाचून गंमत वाटली. आमच्या जिल्हा परिषद शाळेत डबा हा प्रकारच नाही, पोषण आहार आहे. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी. हिशेब ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनांचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय झाला, न खाणाऱ्याला केळं. अंड्याच्या दिवशी गैरहजर पोर शोधून सापडायचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला, हवं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. पेठमध्ये लोकसहभाग म्हणजे कोण? ज्यांची पोरं जेवतात तेच ना?

तरी शिकवायला लागतं, हे बाईंचं खरं. घरी नागलीची (नाचणीची) भाकरी असते, शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पण पोरांना तिची लाज वाटते, काळी दिसते म्हणून. दुकानातलं पाच रुपयांचं बिस्कीट म्हणजे प्रतिष्ठा. मी तक्ता नाही लावला. पोरांच्या रांगेत बसून त्यांच्यासमोर नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन खातो. दोघं-तिघं आता मलाच भाकरी आणून देतात. तीच नागली तुमच्याकडे रंगीत खोक्यात घालून तिप्पट भावाने विकतात, ते वेगळं.

आहारतज्ज्ञ_इंदिरानगर
डब्यावर एवढं भांडताय, सकाळच्या चहाचं कोणीच बोललं नाही. चार वर्षांचं पोर चहात खारी बुडवून खातं आणि घरात सगळ्यांना कौतुक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के रक्तक्षयी निघाली, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह अंगी लागू देत नाही. पोह्यावर लिंबू पिळा, चहा बंद करा. यासाठी तक्ताही नको आणि बाजारही नको. बाईंना एवढंच सांगेन की 'वाईट पदार्थ' हे शब्द टाळा. 'रोजचं' आणि 'कधीतरीचं' म्हणा, सहा वर्षांच्या मुलाला ते नीट कळतं.

सिडकोतल्या_बाई
'कधीतरीचं' रोज आणणाऱ्याला काय म्हणू, तेही सांगा.

तर्री_जास्त
आणि फाटकाबाहेरचं काय? अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे, फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत. माझ्या पोराच्या शाळेसमोर बर्फाचा गोळा, तळलेल्या नळ्या, सगळं वीस पावलांवर. आत हिरवा ठिपका, बाहेर आल्यावर लाल गोळा.

गंगापूररोडची_आई
हे बेस्ट. शनिवारी पालकसभा आहे, तिथे दोन गोष्टी मांडते. ठिपका द्यायचाच तर मुलाच्या नावापुढे नको, पालकांच्या वहीत द्या. आणि फाटकाबाहेरच्या गाड्यांचं बघा.

सातपूर_पहिली_पाळी
आमच्या शाळेबाहेर माझ्या दिराचीच गाडी आहे. हटवायचं म्हणाल तर घरात भांडण होईल. उकडलेल्या शेंगा आणि काकडी ठेव म्हणून सांगते त्याला. पण खपलं नाही तर त्याचा दिवस कोण भरून देणार? आणि पालकांच्या वहीत ठिपका आला तर ती वही सासूबाई मला दाखवणारच नाहीत.