‘ओल्ड-फॅशन्ड’ सोडून दुसरा शब्द सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

एका नाटकाच्या मराठी परीक्षणाचा इंग्रजी अनुवाद करतेय. काल संपादकबाईंकडून मजकूर परत आला. ‘ओल्ड-फॅशन्ड’भोवती सहा ठिकाणी लाल गोल आणि समासात एवढंच: ‘अगं, दुसरा शब्द नाही का?’ परीक्षणाची तक्रारही हीच, की नाटककाराला नवं काही सुचत नाही. म्हणजे मीही त्याच्याच पंगतीला.

अडलेल्या जागा अशा: नायकाचे विनोद ‘चावून चोथा झालेले’, सासू ‘ठोकळेबाज’, दुसरा अंक म्हणजे ‘शिळ्या कढीला ऊत’, दिव्यांची सामग्री ‘जुनाट’, घटस्फोटाबद्दलचे विचार ‘कालबाह्य’. आणि शेवटी आजीची नऊवारी अन् बुगडी, ‘जुन्या वळणाची पण डोळ्यांत भरणारी’. हे तर चक्क कौतुक आहे, आणि तिथेही मी ओल्ड-फॅशन्डच ठोकलंय!

समानार्थी शब्दांचा कोश उघडून बसले. वीस-वीस शब्द ओळीने दिलेत, पण कुठला कुठे बसतो ते काही सांगत नाही. कुणी मार्ग दाखवेल का? परवा सकाळपर्यंत द्यायचंय.

प्रतिसाद १

ताई, आधी एक बघा. गोष्ट काळाने मागे पडली आहे, की हाताळून हाताळून झिजली आहे? तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरलंत.

दिवे काळाने मागे पडले. चालतात पण बघून कीव येते, तर ‘अँटिक्वेटेड’. वापरातूनच गेले असते तर ‘ऑब्सोलिट’, जशी आपली तार, २०१३ च्या जुलैत बंद झाली ती. विचारांना ‘आउटमोडेड’ लावा. ‘डेटेड’ जरा सौम्य. त्यावर त्या काळाचा शिक्का दिसतो एवढंच. ‘आर्काइक’ मात्र इथे नको, तो बहुतेक भाषेसाठी आणि फार जुन्या गोष्टींसाठी राखलेला.

विनोद झिजलेले आहेत. त्यांना ‘ट्राइट’ म्हणता येईल. त्याचं लॅटिन मूळ म्हणजे ‘घासलेलं’. आपण घासून गुळगुळीत म्हणतो, अगदी तेच. किंवा ‘हॅकनीड’. हॅकनी म्हणजे भाड्याने मिळणारं घोडं. जो येईल तो स्वार होणार, मग त्यात दम कुठून राहणार? लंडनच्या टॅक्सीला कायद्याच्या भाषेत आजही हॅकनी कॅरेज म्हणतात. आपल्याकडे भाड्याचं तट्टू आहेच, पण ते माणसाला चिकटलं, विनोदाला नाही.

प्रतिसाद २

सासूसाठी ‘स्टॉक कॅरेक्टर’ हा नाटकवाल्यांचाच शब्द आहे. ‘स्टिरिओटाइप’ही चालेल.

त्यावरून आठवलं. मी बावीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवले. लग्नसराईत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ दर वेळी कोण जुळवणार? जुळवलेले खिळे सुतळीने आवळून फळीवर तयार ठेवायचो आणि नवरा-नवरीची नावं तेवढी बदलायचो. सुतळी सुटली की मालकांच्या शिव्या. फ्रेंच छपाईवाले याच्याही पुढे गेले होते. जुळवलेल्या मजकुराचा साचा घेऊन अख्खी पाटीच धातूत ओतायचे. ती पाटी म्हणजे स्टिरिओटाइप, आणि तिलाच क्लिशे म्हणत. वितळलेल्या धातूवर साचा आपटताना होणाऱ्या आवाजावरून ते नाव पडलं असं सांगतात. तेव्हा ठोकळेबाज आणि स्टिरिओटाइप हे एकाच छापखान्यातले भाऊ समजा.

प्रतिसाद ३

कढीसाठी ‘रीहॅश’. अमेरिकन वाचक असतील तर ‘वॉर्म्ड-ओव्हर’ घ्या, शब्दशः पुन्हा गरम केलेलं. रोमन कवी जुव्हेनलने लिहिलंय की, तोच कोबी पुन्हा पुन्हा पानात पडून बिचाऱ्या मास्तरांचा जीव जातो. पोरांची तीच ती भाषणं ऐकण्याबद्दल बोलत होता तो. म्हणजे तिकडे कोबी, इकडे कढी.

नऊवारीला ‘रेट्रो’ लिहू नका हं. रेट्रो म्हणजे आजचं, पण जुन्या धाटणीने केलेलं. खरोखरच त्या काळातलं असेल तर ‘व्हिंटेज’. ‘अँटीक’ साधारण शंभरी गाठलेल्या वस्तूला म्हणतात. आणि ‘क्वेंट’ नकोच, त्यात गोडवा आहे पण पाठीवर थाप मारल्यासारखा.

धागाकर्ती

किती पटापट मदत केलीत, आभार! दिवे अँटिक्वेटेड, विचार आउटमोडेड, सासू स्टॉक कॅरेक्टर, दुसरा अंक वॉर्म्ड-ओव्हर. नऊवारी नाटकासाठी नवीच शिवलेली दिसते, म्हणून व्हिंटेज नाही टाकलं. तिथे ओल्ड-फॅशन्ड तसंच ठेवतेय, सहापैकी एकाला तरी हक्काची जागा मिळाली. विनोदांचं मात्र अजून ठरत नाही. हॅकनीड, ट्राइट, की ‘कॉर्नी’?

प्रतिसाद १

कॉर्नी विनोदाला माणूस कपाळावर हात मारतो, पण हसतो. ट्राइट बहुतेक विचारांना आणि वाक्यांना लावतात. तुम्ही नाटक पाहिलंत ना? हसलात का?

धागाकर्ती

छे. माझ्या मागच्या रांगेतले एक काका मात्र प्रत्येक विनोद नटाच्या आधी स्वतःच पूर्ण करत होते, आणि वर खदखदून हसतही होते. हॅकनीड टाकते.