गाण्यांचे सिनेमे न आवडणाऱ्यानं ‘कट्यार’ का बघावा?

बांधावरचा (धागाकर्ता):
गाण्यांचा सिनेमा लागला की मी उठून जातो. गोष्ट ऐन रंगात येते, तेवढ्यात नायक गळा काढतो आणि गाणं संपेस्तोवर कोणाचं काही पुढं सरकत नाही. पण सुबोध भावे यांचा ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) लागला की मी जागचा हलत नाही. त्यातली गाणी काढली तर गोष्टच उरत नाही. विश्रामपूरच्या दरबारात पंडितजी आणि खांसाहेब या दोन गवयांचं भांडण आहे तेच मुळी गाण्याचं. ‘घेई छंद मकरंद’ दोघंही गातात. शब्द तेच, पण पंडितजींच्या गळ्यात ते संथ, निवांत वाटतं. खांसाहेबांकडं गेलं की ताना अंगावर धावून येतात. घराणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. पुढं पंडितजींना गुरू मानणारा सदाशिव हवेलीत राहून खांसाहेबांची गायकी चोरून ऐकतो. सापडला तर जिवावर बेतेल, कारण खांसाहेबांना राजगायक म्हणून मिळालेल्या कट्यारीला एक खून माफ आहे. अशा वेळी गाणं कंटाळवाणं होईल कसं?

मूर्तिजापूरकर:
भाऊ, हा सिनेमा ज्या नाटकावरून निघाला, त्यातले खांसाहेब डॉ. वसंतराव देशपांडे जन्मले आमच्या मूर्तिजापुरात, नाटक लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. १९६७ चं ते नाटक आमच्या घरी पूजेसारखं आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. सिनेमात पंडितजींना कपटानं शेंदूर खाऊ घालतात, त्यानं त्यांचा आवाज जातो. मग गाण्यानं गाणं हरलं कुठं? भांडण गाण्याचं म्हणता आणि निकाल लागतो विषानं! आणि ‘यार इलाही’ चालू असताना गोष्ट कुठं सरकते ते दाखवा. तुमच्याच मापानं ती कव्वाली कापावी लागेल.

बांधावरचा:
कव्वाली कापली तरी चालेल, तिथं मीही चुळबुळतो. पण शेंदराचं उलट आहे, काकाजी. खांसाहेबांना पद मिळालं, हवेली मिळाली, तरी गाऊन हरवल्याचं समाधान मिळालंच नाही. पुढचा सगळा कडवटपणा तिथूनच येतो.

वडसेकरीण:
दादा, तुमचं मूळ मापच मला मान्य नाही. गाण्यानं गोष्ट थांबते, तर थांबू द्या ना! आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, भाऊबीज झाली, धान निघालं की मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या गावी रातभर नाटक असते. नायिका रडत घर सोडून निघाली आहे, ऑर्गनवाल्यानं सूर धरला, तबला लागला, ती माईकपाशी येऊन गायली, की शाल पांघरून बसलेली माणसं वन्स मोअर देतात. ती परत गाते. मग घर सोडते. कोणाला वाटत नाही की उशीर झाला. त्या बाईचं दुःख दोनदा ऐकावं असं लोकांना वाटते, म्हणूनच तर लोक येतात. आणि आमच्याकडं जो उभा तोच गातो. सिनेमात खांसाहेब सचिन पिळगावकर, गळा राहुल देशपांडे यांचा.

बांधावरचा:
ताई, पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतः गातात की.

वडसेकरीण:
एकटे ते. सदाशिवच्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पडद्यावर मात्र सुबोध भावे दिसतात.

पऱ्हाटीवाला:
मले त बांधावरच्या भाऊचं पटते. राग-बिग मले समजत नाही, पण पंडितजीचा आवाज गेला अन् दरबार चूप झाला, तवा माहा बाप टीव्हीपुढून उठला नाही. गाणं होतं म्हणूनच तो आवाज गेल्याचं लागलं ना जिवाले.

मूर्तिजापूरकर:
लागलं हे खरं. पण त्या जागी मला शेंदूर नको, समोरच्याची तान हवी होती. एवढंच माझं भांडण आहे, आणि ते मी सोडणार नाही.

बांधावरचा:
नका सोडू. नाटकाचं ध्वनिमुद्रण असेल तर द्या काकाजी, खांसाहेब वसंतरावांच्या गळ्यात ऐकतो. वडसेकरीण ताई, यंदा मंडईला वडशाकडं येतो. पण गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं अन् मी उठलो, तर राग मानू नका.

वडसेकरीण:
या. पुढं बसा, उठायला जागाच मिळत नाही.