शब्दचर्चा: ‘चाकोरीबाहेरचा’ की ‘आडवाटेचा’? नाताळात बघायच्या सिनेमांना नेमकं काय म्हणावं?

अंबाजोगाईहून

परवा परभणीहून भाचीचा निरोप आला: ‘मामा, नाताळच्या सुट्टीत बघायला हटके पिक्चर सांग. ते लाल टोपीवाले, बर्फवाले नको.’ चार-पाच नावं लगेच सुचली, पण यादीला मथळा द्यायला बसलो आणि तिथंच अडलो.

‘हटके’ मला लिहवेना. हिंदीतून आलाय म्हणून नाही. साडीपासून मिसळीपर्यंत सगळंच हटके झाल्यामुळं शब्दाची धार गेली आहे. ‘अपारंपरिक’च्या पुढं माझ्या कानाला ‘ऊर्जा’च ऐकू येते. ‘वेगळ्या धाटणीचा’ म्हणावं तर धाटणी ही घडणीची गोष्ट. हे सिनेमे घडणीनं वेगळे असतीलच असं नाही, त्यांनी धरलेला रस्ता वेगळा आहे. उरला ‘चाकोरीबाहेरचा’.

हा शब्द आपण फार सहज वापरतो. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली वाट, हे आमच्या काळ्या मातीत वाढलेल्याला कुणी सांगावं लागत नाही. भादव्यात पांदणीत चिखल झालेला असायचा. लाकडी चाकाची लोखंडी धाव त्यात वीतभर रुतायची. मागची गाडीही त्याच खाचेतून जायची, तिच्या मागचीही. दिवाळीनंतर ऊन लागलं की ती खाच दगडासारखी वाळायची. नाताळच्या सुट्टीत आम्ही गावी जायचो तेव्हा दोन्ही बाजूंना कमरेएवढी शाळू आणि मधे ह्या दोन टणक रेघा. मी कासरा हातात मागायचो. आजोबा म्हणायचे, ‘चाकोरी धर, बैल आपोआप चालतेत.’ एकदा मी हट्टानं गाडी बाहेर काढायला गेलो, तर चाक खाचेच्या काठावर चढलं आणि गाडी कलली. कडब्याच्या चार पेंढ्या खाली. आजोबा रागावले नाहीत. उतरून पेंढ्या उचलल्या आणि चाकाला खांदा लावला.

म्हणजे चाकोरी कुणी आखत नाही, ती वापरानं पडते. नाताळच्या सिनेमांचीही तशीच पडली. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा फ्रँक काप्राचा सिनेमा १९४६चा. तेव्हा तो फारसा चालला नव्हता. १९७४मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, तो फुकटात दाखवता येऊ लागला, आणि अमेरिकेतली दूरचित्रवाणी केंद्रं दर डिसेंबरला तोच लावू लागली. तेच चाक, तीच खाच. आज तो नाताळच्या सिनेमांचा मानदंड मानला जातो.

माझी अडचण अशी. ही चाकोरी त्यांच्याकडं पडली. आमच्या भागात नाताळला ठरावीक सिनेमा लावायची रीतच नाही. मग भाचीसाठी ‘चाकोरीबाहेरचा’ कशाच्या बाहेरचा? दुसरा शब्द आहे का?

लातूरहून

सर, विशेषणाच्या आधी विभक्ती बघू. ‘नाताळचा सिनेमा’ आणि ‘नाताळातला सिनेमा’ यात फरक आहे. दिवाळीचा फराळ म्हणजे दिवाळीसाठीच केलेला. दिवाळीतलं भांडण म्हणजे दिवाळीच्या दिवसांत झालेलं, एरवीही होऊ शकलं असतं. ‘डाय हार्ड’वरून इंग्रजीत दर वर्षी वाद होतो, की हा ख्रिसमसचा सिनेमा आहे की नाही. न्यूयॉर्कचा पोलीस बायको-मुलांना भेटायला लॉस एंजेलिसला येतो, नाताळच्या आदल्या रात्री कंपनीत मेजवानी चालू असते आणि तिथंच दरोडेखोर इमारत ताब्यात घेतात. सिनेमा लागला १९८८च्या जुलैत. मराठीत हा वाद दोन अक्षरांत मिटतो: तो नाताळातला आहे, नाताळचा नाही. श्रीराम राघवनचा ‘मेरी क्रिसमस’ही तसाच. नाताळच्या आदल्या रात्री मुंबईत घडतो आणि प्रदर्शित झाला २०२४च्या जानेवारीत.

तुमच्या यादीला ‘नाताळातले सिनेमे’ एवढंच म्हटलं तरी पुरे. विशेषण कशाला?

अंबाजोगाईहून

हे ‘-चा’ आणि ‘-तला’ फार नेमकं सांगितलंत, वहीत उतरवून घेतलं. पण तेवढ्यानं माझं भागत नाही, कारण माझ्या यादीतले दोन सिनेमे नाताळातले आहेत आणि मला ते मनापासून नाताळचेही वाटतात. का, ते मला नीट सांगता येत नाही.

उदगीरहून

‘आडवळणाचे’ कसा वाटतो?

जालन्याहून

काका, मी ख्रिस्ती घरातली. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल गाव आमच्या जालन्याजवळच. आमच्या घरी ‘नाताळ’च म्हणतात. शब्द पोर्तुगिजांबरोबर किनाऱ्यावर आला, मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. पाव, चावी, बटाटा आले त्याच वाटेनं. इकडं पोर्तुगीज कधी आले नाहीत, शब्द मात्र पोचला. घरात केकच्या आधी करंज्या होतात.

तुम्ही ‘का ते सांगता येत नाही’ म्हणालात, म्हणून दोन शब्द देते. मराठी बायबलात बाळ येशूला ‘गव्हाणीत’ ठेवतात, कारण ‘उतारशाळेत’ जागा नसते. उतारशाळा म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची जागा, आणि गव्हाण म्हणजे गोठ्यात बैलापुढं वैरण टाकायची जागा. चर्चमध्ये देखावा मांडताना मी लहानपणी खऱ्या कडब्याचे तुकडे आणून टाकायची. आमच्यासाठी नाताळची गोष्ट एवढीच आहे: जागा मिळाली नाही, आणि मग गव्हाणीत मिळाली. ही गोष्ट ज्या सिनेमात असेल तो नाताळचा. मग त्यात झाड असो, नसो.

अंबाजोगाईहून

ताई, तुमची नोंद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझे दोन्ही सिनेमे ह्या कसोटीवर घासून बघितले.

पहिला ‘द अपार्टमेंट’, बिली वाइल्डरचा, १९६०चा, कृष्णधवल. विमा कंपनीतला एक कारकून बढतीच्या आशेनं आपल्या खोलीची चावी साहेबांना देत राहतो, त्यांच्या चोरट्या भेटींसाठी. सुरुवातीलाच एका रात्री साहेबलोक त्याच्या घरात असतात आणि हा थंडीत बागेतल्या बाकावर बसून राहतो. ज्याचं घर त्यालाच उतारशाळेत जागा नाही! नाताळच्या आदल्या रात्री तो घरी येतो तर लिफ्ट चालवणारी मुलगी तिथं झोपेच्या गोळ्या खाऊन पडलेली. शेजारचे डॉक्टर तिला वाचवतात. पुढचे दोन दिवस तो तिला सांभाळतो, पत्ते खेळतो, आणि तिच्यासाठी शेवयांसारख्या स्पगेटी शिजवून टेनिसच्या रॅकेटीतून पाणी गाळतो, कारण एकट्या माणसाच्या घरात चाळणी कुठली असणार! इतकी वर्षं हा प्रसंग मला का धरून ठेवतो ते आज कळलं. चावी फिरती ठेवलेली ती खोली त्या दोन दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी खरा आसरा देते.

दुसरा ‘टोकियो गॉडफादर्स’, सातोशी कोनचा जपानी सचेतपट (म्हणजे ॲनिमेशनपट), २००३चा. एक दारुडा, एक तृतीयपंथी, एक घरातून पळालेली मुलगी, तिघंही रस्त्यावर राहणारी. सुरुवात होते ती चर्चमधल्या लहान मुलांच्या येशूजन्माच्या नाटकानं. त्याच रात्री त्यांना कचऱ्यात तान्हं बाळ सापडतं. ज्यांना शहरात कुठंच जागा नाही, तेच बाळाला जागा करून देतात. ताई, ही तर तुमची गव्हाणच झाली.

आता शब्द. हे सिनेमे ‘चाकोरीबाहेरचे’ म्हणावेत तर चाकोरी सोडलेली गाडी शेतात कुठंही जाईल, गावाला पोचेलच असं नाही. हे दोन्ही पोचतात. मोठा रस्ता सोडून धुऱ्याधुऱ्यानं गेलं की पायाला ढेकळं लागतात, बाभळीचे काटे लागतात, पण गाव तेच येतं. त्या वाटेला आमच्याकडं आडवाट म्हणतात. म्हणून माझं मत ‘आडवाटेचे नाताळपट’. नाताळपट हा बोलपट, युद्धपट, भयपट यांच्या चालीवर. ‘डाय हार्ड’ मात्र मी नाताळातलाच ठेवतो.

उदगीरकर, ‘आडवळणाचे’ नको वाटतो. आडवळणानं बोलणं म्हणजे मनातलं लपवून बोलणं. हे सिनेमे काही लपवत नाहीत.

लातूरहून

पण ‘आडवाटेला लागणं’ हेही वाईटच. पोरगा आडवाटेला लागला म्हणतो आपण.

अंबाजोगाईहून

‘आडवाटेला लागणं’ वाईट, बरोबर. ‘आडवाटेनं जाणं’ वाईट नाही. इथंही विभक्तीच आहे बघा, तुमचाच धडा. भटकंती करणारी मंडळी आडवाटेवरचं देऊळ, आडवाटेवरचा किल्ला असं कौतुकानंच म्हणतात. ‘-चा’ लावल्यावर दोष राहत नाही असं मला वाटतं. कुणाला वेगळा अनुभव असेल तर जरूर सांगा, माझा हट्ट नाही.

जालन्याहून

मला चालतो. ‘बाळ येशूला बघायला मेंढपाळ कुठल्या वाटेनं आले असतील?’ असं आमची आजी विचारायची. रानातून आले, म्हणजे आडवाटेनंच.

अंबाजोगाईहून

मथळा पक्का केला आणि यादी परभणीला पाठवली. भाचीनं ‘अपार्टमेंट’ निवडलाय, चोवीस तारखेच्या रात्रीसाठी. मराठी उपशीर्षकं मिळाली नाहीत, तेव्हा मी संध्याकाळच्या गाडीनं तिकडं जाणार आहे. शेजारी बसून सांगत जाईन. बहिणीला करंज्या करायला सांगितल्या आहेत.