एक्स१००चा पुढचा अवतार: थांबायचं की व्हीआय घ्यायचा?

गिरगाव_३५
फुजीचा एक्स१००व्हीआय कॅमेरा २०२४च्या फेब्रुवारीत जाहीर झाला, म्हणजे पुढच्याची चाहूल घ्यायला हरकत नाही. ओढ मुख्यतः हायब्रिड व्ह्यूफाइंडरची (डोळा लावून बघायची खिडकी, ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही). वापर भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केट आणि पावसातलं मरीन ड्राइव्ह. थांबावं का? आणि ऑप्टिकल फाइंडर रोजच्या वापरात खरंच कामाचा आहे, की दोन दिवसांची हौस? जाणकारांनी सांगावं.

बोरीबंदर
आधी तारखा मांडा. पहिला एक्स१०० बाजारात आला २०११मध्ये, एस २०१३, टी २०१४, एफ २०१७, व्ही २०२०, व्हीआय २०२४. टीनंतर अंतर वाढतच चाललंय. त्यात जाहीर झाला म्हणजे दुकानात मिळाला असंही नाही. व्हीआयच्या वेळी लोक महिनोन्‌महिने नाव नोंदवून बसले होते.

दुसरं म्हणजे, फाइंडरसाठीच घ्यायचा असेल तर व्ही आणि व्हीआय यांचा फाइंडर सारखाच आहे. ऑप्टिकल ०.५२ पट, इलेक्ट्रॉनिक ३६.९ लाख डॉट. व्हीआयमध्ये वाढलं ते ४० मेगापिक्सेल (व्हीत २६), सेन्सरचं स्थिरीकरण आणि वजन, ४७८ ग्रॅमवरून ५२१. चांगल्या अवस्थेतला व्ही मिळाला तर तोही बघा. फोर्टात घेताना सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि भारतातली वॉरंटी आहे का ते स्पष्ट विचारा. वापरलेला असेल तर लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की बुरशी. मग किंमत कितीही उतरवली तरी हात जोडून निघा.

लीफशटर
फाइंडर हौस आहे की काम, ते तुमच्या सवयीवर आहे. ऑप्टिकलमध्ये चौकटीबाहेरचंही दिसतं. हातगाडी चौकटीत शिरायच्या आधीच तुम्हाला कळतं. पण फोकस, डेप्थ (किती अंतरापर्यंतचं स्पष्ट येईल) आणि एक्सपोजर यांतलं काहीच त्यात दिसत नाही. शिवाय चौकटीत दिसतं त्यापेक्षा फोटोत थोडं जास्त येतं, कारण ती ९५ टक्केच दाखवते.

सगळ्यात जास्त घोळ पॅरॅलॅक्सचा, म्हणजे फाइंडर आणि लेन्स वेगवेगळ्या जागेवरून बघतात त्याचा. फाइंडर लेन्सच्या वर आणि डावीकडे आहे, त्यामुळे विषय जवळ आला की चौकट खाली-उजवीकडे सरकते. शटरचं बटण अर्धं दाबल्याशिवाय ती जागेवर येत नाही. नवे लोक अर्धं न दाबताच कॉम्पोझ करतात आणि मग डोकी कापली गेली म्हणून कॅमेऱ्याला शिव्या घालतात. मेनूत 'करेक्टेड एएफ फ्रेम' चालू करा. साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरासाठी दुसरी फोकसची चौकट दिसेल, दोन्हींच्या मधला अंदाज बांधता येतो. त्याहून जवळ गेलात तर कॅमेऱ्याच्या पुढचा लिव्हर ओढून सरळ ईव्हीएफवर (इलेक्ट्रॉनिक फाइंडरवर) या. लिव्हर उलट्या दिशेला ढकलला तर ऑप्टिकलच्याच कोपऱ्यात छोटी इलेक्ट्रॉनिक खिडकी उघडते, त्यात फोकसची जागा मोठी दिसते. ही सोय टीपासून आहे आणि फार कमी लोक वापरतात.

भुलेश्वरच्या गर्दीत मी तरी ऑटोफोकस बंद ठेवायला सांगेन. अ‍ॅपर्चर एफ/८, फोकस २.५ मीटरवर, शटर १/२५०, आयएसओ ऑटो. साधारण दीड ते दहा मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. कॅमेऱ्यातली अंतरपट्टी मात्र याहून बरीच कमी डेप्थ दाखवेल, कारण ती 'पिक्सेल बेसिस'वर असते. 'फिल्म फॉरमॅट बेसिस' करा.

उन्हाचंही सांगतो. भर दुपारी आयएसओ १२५ला एफ/२ उघडलंत तर शटर १/८०००च्या आसपास लागतं आणि मेकॅनिकल शटर १/४०००ला थांबतं. आतला चार स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) चालू केला की १/५०० होतं आणि लीफ शटर (लेन्समधलंच पात्यांचं शटर) असल्याने त्याच वेगात फ्लॅशही चालतो. चेहऱ्यावरची टोपीची सावली घालवायला याहून सुटसुटीत काही नाही.

दमट_हवा
पावसाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. एक्स१००व्ही आणि व्हीआय आपोआप पाणी झेलत नाहीत. फोकस होताना लेन्सचा पुढचा भाग हलतो आणि तिथेच फट आहे. एआर-एक्स१०० ही फिल्टर बसवायची रिंग आणि त्यावर ४९ मिमी प्रोटेक्टर फिल्टर लावल्यावरच ती बंद होते. धूळही तिथूनच आत जाते, आणि लेन्स निघत नसल्याने सेन्सर घरी साफ करता येत नाही. तेव्हा फिल्टर पहिल्या दिवशीच लावा. एवढं करूनही तो सरीत चालतो, धो-धो पावसात किंवा लाटेखाली नाही.

एसी लोकलमधून चर्चगेटला उतरलात की काचांवर बाष्प धरतं. उतरायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, बाहेर आल्यावर २०-३० मिनिटं तशीच ठेवा. ऑप्टिकल धूसर दिसला तर आधी पुढची खिडकी पुसा. डाव्या हाताची बोटं हमखास तिथेच लागतात.

जून ते सप्टेंबर चामड्याचं कव्हर काढून ठेवा, बुरशीचं ते माहेरघर. ड्राय कॅबिनेट ४०-५० टक्के आर्द्रतेवर. नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायला). जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास. पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकाची भांडी वापरू नका.

गिरगाव_३५
आभार. मग व्हीआयच. रिंग-फिल्टरवर हूडही (लेन्सवर ऊन अडवणारं कडं) लावला तर ऑप्टिकलमध्ये आडवा येईल ना?

लीफशटर
खालचा उजवा कोपरा थोडा झाकतो. खाचा असलेला हूड घ्या, त्यातून आरपार दिसतं. आणि दुसरी एनपी-डब्ल्यू१२६एस बॅटरी त्याच बिलात घ्या: ऑप्टिकलवर सुमारे ४५० फोटो होतात, ईव्हीएफवर ३१०च. मेमरी कार्ड यूएचएस-१ वेगाचं पुरे, स्लॉटच तेवढा आहे.