अर्धी बिल्डिंग अंधारात, अर्धी उजेडात?

प्रश्न: वडोदरा, दांडिया बाजार. रात्री आमच्याकडे अंधार, समोरच्या काकूंकडे मात्र मालिका चालू! लिफ्टही बंद. असं कसं?

उत्तर १: बिल्डिंगला वीज तीन फेजमधून, म्हणजे तीन वेगळ्या जिवंत तारांतून येते; हे फेज फ्लॅटांमध्ये वाटलेले असतात. तुमचा गेला, काकूंचा शाबूत. फेज ते न्यूट्रल (परतीची सामाईक तार) 230 व्होल्ट, फेज ते फेज 400, कारण तिन्ही फेजमधल्या व्होल्टेजच्या लाटा 120 अंशांनी मागेपुढे. लिफ्टच्या मोटरला तिन्ही लागतात. दोनांवर चालली तर वाइंडिंग (आतली तारांची गुंडाळी) जळेल, म्हणून रिले, म्हणजे आपोआप चालणारा संरक्षक स्विच, तिला थांबवतो.

उत्तर २: फेज गेलेला परवडला. मेन न्यूट्रल तुटला तर कमी लोडच्या फ्लॅटात 300च्या वर व्होल्ट चढू शकतात, फ्रिज खलास! दिवे अचानक लख्ख झाले की आधी मेन स्विच पाडा.

प्रश्नकर्ता: जिन्याखाली चेंजओव्हर (दुसऱ्या फेजवर जायचा स्विच) आहे, फिरवू?

उत्तर १: वायरमनला बोलवा हो. सगळेच काकूंच्या फेजवर आले तर त्यांचाही फ्यूज उडेल, मग मालिकेचं तुम्हीच बघा.