औषधांचं 'मिश्रण' की 'सांगड'?

डिचोलीकर : बांबोळीला उपचारांसाठी येणाऱ्यांच्या नातेवाइकांकरिता रक्ताच्या कर्करोगावर एक पत्रक मराठीत लिहितोय. 'कॉम्बिनेशन थेरपी'ला 'मिश्र औषधोपचार' लिहिलं, तर मावशीने विचारलं, "म्हणजे एकाच बाटलीत कालवून देतात काय रे?" दुसरा शब्द सुचवाल?

म्हार्दोळकर : मावशींना बरोबर खटकलं. ही औषधं बहुधा वेगवेगळी, कधी वेगवेगळ्या दिवशी देतात. आयुर्वेदातला 'योग' अर्थाने जवळचा आहे, पण आज त्यावरून आसनंच आठवतात.

पेडणेकर : 'सांगड' घ्या. दोन होड्या शेजारी बांधून केलेला तराफा, हा त्याचा जुना अर्थ. कुंभारजुव्याचा सांगोड, होड्या जोडून काढतात तो उत्सव, पाहिलाय ना? एकट्या होडीला न पेलणारा भार जोडीला पेलतो, ती सहज कलंडतही नाही, आणि होड्या दोनच्या दोन राहतात. मला हा शब्द इथे फार मोलाचा वाटतो, कारण प्रभावी आणि सुरक्षित हे दोन्ही अर्थ त्यात आहेत.

एपीएल (अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) या रक्ताच्या कर्करोगाचंच बघा. त्यात दोन औषधांची सांगड घालतात : 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमल हे विष. रोगाला कारण असलेल्या एकाच जोडप्रथिनाचा (दोन प्रथिनांचे भाग जुळून झालेल्या प्रथिनाचा) एक भाग हे धरतं, दुसरा ते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ही सांगड घेतलेल्या कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांपैकी 97 टक्के दोन वर्षांनंतर रोग न उलटता हयात होते; ट्रेटिनॉइनसोबत केमो घेतलेल्यांत 86 टक्के. यकृतावर मात्र लक्ष ठेवावं लागतं.

म्हार्दोळकर : पत्रकात 'सोमल' नको हं. कुणी घरीच प्रयोग केला तर जिवावर बेतेल.

डिचोलीकर : नाही घालत. पण मेथोट्रेक्सेट या कर्करोगावरच्या औषधाच्या मोठ्या मात्रेनंतर ल्यूकोव्होरिन देतात, ते निरोगी पेशी वाचवायला. तीही सांगडच का?

पेडणेकर : तिथे 'उतारा' म्हणा. विषाचा उतारा सगळ्यांना कळतो. दोन्ही औषधं रोगावरच चालून जातात तिथे सांगड, एक दुसऱ्याचा त्रास आवरतं तिथे उतारा.

डिचोलीकर : मावशीला नवं वाक्य वाचून दाखवलं : "या आजारात दोन औषधांची सांगड घालतात, दोन्ही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच घ्यावीत, एकही आपल्या मनाने सोडू नये." ती म्हणाली, "हे कळलं. पण एखादा दिवस चुकला तर काय करायचं, तेही लिही."